बंद ग्राइंडर आणि करंट मारणारं ड्रिल: एका शालेय कार्यशाळेतला अपघात

ओळख पटू नये म्हणून शाळेचं नाव, गाव आणि माणसांचे काही तपशील इथे दिलेले नाहीत किंवा बदलले आहेत. विजेचा भाग मात्र जसा सापडला तसा मांडला आहे. मी वायरमन ट्रेड शिकवतो. या प्रकरणात अपघातानंतर शाळेनं तपासणीसाठी बोलावलं म्हणून माझा संबंध आला.

शाळा पुणे-नगर भागातल्या एका मोठ्या गावातली, माध्यमिक. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ नंतर जो हातानं काम करत शिकण्याचा मार्ग घालून दिला, त्याच धर्तीवर इथे नववी-दहावीला अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे विभाग चालतात. अभियांत्रिकीसाठी मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड आहे. आत भिंतीला लागून लाकडी टेबलं. एकावर ड्रिल मशीन, खिडकीखालच्या टेबलावर बेंच ग्राइंडर, कोपऱ्यात आर्क वेल्डिंगचा सेट, आणि घरगुती वायरिंग शिकायचे चार-पाच लाकडी बोर्ड. वेल्डिंगमुळे शेडला थ्री फेज जोडणी आहे. शेजारच्या खोलीत संगणक कक्ष. तो पुढे लागणार आहे.

काय झालं

जुलै महिना, सकाळपासून पाऊस. मुलं भिजत आली होती. शेडच्या दाराशी चपला काढून आत जायचं, असा शाळेचा नियम, कारण चिखल. नववीतली एक मुलगी ड्रिलवर पट्टीला भोक पाडायला उभी राहिली. उजवा हात ड्रिल खाली आणायच्या दांड्यावर, डावा पट्टी घट्ट धरणाऱ्या व्हाइसवर, पाय अनवाणी आणि फरशी ओली. मशीन सुरू करण्याआधीच तिचे हात चिकटले. ओरडताही येईना, नुसता घशातून आवाज.

शेजारच्या मुलाला काय करायचं ते वर्गात शिकवलेलं होतं आणि त्यानं तसंच केलं. तिला हात न लावता त्यानं ड्रिलच्या सॉकेटचं बटण बंद करायला हात घातला. बटण आधीच बंद होतं. तो गोंधळला. मग त्यानं तिचा दंड धरून ओढलं, त्यालाही झटका बसला आणि तो मागे पडला. कार्यशाळेतले मदतनीस काका बाहेर पन्हाळीखाली बादली लावत होते, ते आरडाओरडा ऐकून व्हरांड्यातल्या मेन स्विचकडे धावले. मेन बंद झाला तशी ती खाली बसली. यात किती वेळ गेला ते प्रत्येकानं वेगळं सांगितलं, त्यामुळे आकडा देण्यात अर्थ नाही.

तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं, ईसीजी काढला, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. हाताच्या स्नायूंचं दुखणं सोडलं तर इजा नाही. मुलगाही ठीक.

आधी बटण बंद करायला जाण्यात त्या मुलाचं काहीही चुकलं नव्हतं, हे सांगून टाकतो. बटण बंद असूनही ती का सुटली नाही, या एका प्रश्नात सगळं प्रकरण आहे.

आधीचे आठवडे

अपघात अचानक झाला नव्हता. शाळा उघडल्यापासून मुलं सांगत होती, "सर, ड्रिलला हात लावला की मुंग्या येतात." निदेशकांनी, म्हणजे कार्यशाळेत शिकवणाऱ्या सरांनी, दुर्लक्ष केलं, असं गावात बोललं गेलं. ते खरं नाही. त्यांनी टेस्टर लावला, तो मिणमिणला, म्हणून ड्रिलची वायर बदलली. मुंग्या गेल्या नाहीत. मग ड्रिलची मोटार तालुक्याला रिवायंडिंगच्या दुकानात पाठवली. ती ठणठणीत म्हणून परत आली. शेवटी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्यानं मल्टिमीटर लावला तर बॉडीवर १९० व्होल्टच्या आसपास दाखवत होतं. मग त्यानं टेस्ट लॅम्प लावला आणि तो पेटलाच नाही. त्यानं निदान केलं, "इंडक्शन आहे सर, पावसाळ्यात असतं. काही होत नाही."

इंडक्शन म्हणजे शेजारच्या वायरींमुळे मीटरवर नुसतं दिसणारं, जोर नसलेलं व्होल्टेज. हे निदान मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे आणि ते दर वेळी चूक असतं असंही नाही. पण टेस्ट लॅम्प पेटला नाही यातून एवढंच कळतं की बल्ब पेटण्याइतका करंट तिथून निघत नाही. ६० वॉटचा बल्ब पूर्ण पेटायला सुमारे २६० मिलीअँपिअर लागतात. माणसाचे हात चिकटायला १० मिलीअँपिअरच्या आसपास पुरतात आणि लहान मुलांना त्याहूनही कमी. बल्ब न पेटताही माणूस अडकू शकतो.

निदेशकांची चूक मला दिसते ती एकच. कारण सापडेपर्यंत मशीन बंद ठेवायला हवं होतं. तपासलं, सापडलं नाही, म्हणून वापर चालू ठेवला. आठ महिन्यांच्या मानधनावर काम करणाऱ्या माणसाला अभ्यासक्रम संपवायचा असतो, हे समजतं. पण मुंग्या येतात ही तक्रार नसते, ते मोजमाप असतं, आणि तेही मुलाच्या अंगावर घेतलेलं.

शोध

मी गेलो तेव्हा सगळ्यांचं बोट ड्रिलकडे होतं. मेन बंद करून ड्रिलचा प्लग काढला आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशनचा रोध मोजायचं उपकरण) फेज-न्यूट्रल एकत्र करून बॉडीशी इन्सुलेशन तपासलं. काटा वर, काही दोष नाही. रिवायंडिंगवाल्याचं म्हणणं बरोबर होतं.

मग सप्लाय चालू केला. ड्रिलचा प्लग सॉकेटमध्ये घातला पण बटण बंद ठेवलं. शेडबाहेर ओल्या मातीत एक लोखंडी खुंटी ठोकली होती, तिच्याशी ड्रिलची बॉडी मोजली. १९० व्होल्ट. प्लग बाहेर काढला, शून्य. म्हणजे बटण बंद असताना, फेजची पिन मेलेली असताना, व्होल्टेज ड्रिलवर येत होतं. प्लगमध्ये तिसरी पिन उरते. जी वायर वाचवायला टाकलेली असते तिच्यातूनच करंट ड्रिलवर चढत होता. सॉकेटचं बटण फक्त फेज तोडतं, अर्थची वायर तोडत नाही आणि तोडायचीही नसते. त्या मुलानं प्लग उपसला असता तर ती सुटली असती. पण हे तेव्हा त्याला कोण सांगणार?

पुढचं काम कंटाळवाणं होतं. शेडमधला एकेक प्लग काढायचा आणि आकडा बघायचा. हँड ड्रिल, एक्झॉस्ट फॅन, सोल्डरिंगचा बोर्ड, काही फरक नाही. खिडकीखालच्या ग्राइंडरचा प्लग काढला आणि आकडा घसरला.

"पण सर, तो तर बंद आहे. त्याला महिनाभर कोणी हातसुद्धा लावला नाही," निदेशक म्हणाले. खरं होतं. त्याचा दगड झिजला होता, नवा यायचा होता. म्हणूनच ग्राइंडरचा शॉक कोणाला बसला नव्हता. मेगर लावला तर वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) आणि बॉडीमध्ये ०.०२ मेगाओहम, म्हणजे २०,००० ओहम. किमान १ मेगाओहम हवा असतो. वरच्या पत्र्याला खिळ्याचं भोक होतं आणि पाऊस थेट मोटारीवर ठिबकत होता.

तरीही ग्राइंडरचं स्वतःचं बटण बंद होतं, मग वाइंडिंगमध्ये दाब, म्हणजे व्होल्टेज, कसा? ग्राइंडरची वायर गेल्या वर्षी बदललेली. बाजारच्या तीन कोअरच्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. पण थ्री फेजच्या बोर्डावर लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही फेज असतात आणि न्यूट्रल काळी. ज्यानं प्लग जोडला त्याच्या हाताला बोर्डाची सवय होती. त्यानं निळी फेजच्या पिनेला लावली. त्यामुळे ग्राइंडरचं बटण न्यूट्रल तोडत होतं आणि मोटार फिरत नसली तरी सॉकेट चालू असेपर्यंत तिचं वाइंडिंग पूर्ण दाबावर होतं. कधी मुंग्या येतात, कधी येत नाहीत, यामागचं गूढही इथेच सुटलं. कोणी खिडकीजवळच्या सॉकेटचं बटण बंद केलेलं असेल त्या दिवशी ड्रिल गरीब, चालू राहिलं असेल त्या दिवशी करंट मारणार.

हिरवी वायर कुठे जाते

यंत्र ओलसर झालं, वाइंडिंगमधून करंट बॉडीवर झिरपला, तरी अर्थिंग असेल तर तो जमिनीत जायला हवा. शेडमधल्या प्रत्येक सॉकेटला हिरवी वायर होती, घट्ट बसवलेली, नीट. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीच्या कागदावर "अर्थिंग: आहे" अशी नोंद आणि सही. मी हिरव्या वायरीचा माग काढत गेलो. सॉकेटपासून बोर्ड, बोर्डापासून आठ नंबरची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार, ती भिंतीतून बाहेर, पाण्याच्या टाकीखाली, आणि तिथे एका लोखंडी नळाच्या तुकड्याला क्लॅम्प. नळाचा तुकडा हातभर. त्यापुढे पांढरा पीव्हीसी पाइप.

जुनी लोखंडी पाइपलाइन जमिनीखालून विहिरीपर्यंत गेलेली होती, तेव्हा ही अर्थिंग बऱ्यापैकी चालत असणार. उन्हाळ्यात पाइपलाइन बदलली. प्लंबरनं त्याचं काम चोख केलं, त्याला तारेचं काय? नळाला अर्थिंग बांधणं ही आपल्याकडची जुनी खोड. नळ पाण्यासाठी असतो, तो कोणीही, कधीही, कोणाला न विचारता बदलू शकतो.

जमिनीपासून सुटलेली पण सगळ्या यंत्रांना एकमेकांशी जोडणारी अर्थची वायर, अर्थिंग मुळीच नसण्यापेक्षा वाईट. अर्थिंग नसतं तर दोष ग्राइंडरपुरता राहिला असता आणि ग्राइंडरला हात लावणाऱ्यालाच झटका बसला असता. इथे एका यंत्राचा दोष त्या वायरीनं शेडमधल्या प्रत्येक लोखंडी बॉडीवर नेऊन ठेवला.

हिशेब

निदेशक आणि दोन विज्ञान शिक्षकांबरोबर बसून फळ्यावर हा हिशेब केला. कारण मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न होता, "एमसीबी बसवलाय ना, मग तो पडला का नाही?" एमसीबी म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त करंट वाहिला की आपोआप पडून सप्लाय तोडणारा स्विच.

ग्राइंडरच्या ओलसर वाइंडिंगचा रोध २०,००० ओहम. ओले हात आणि अनवाणी ओले पाय असलेल्या मुलीचा रोध १,५०० ओहम धरू. एकूण २१,५००. दाब २३० व्होल्ट. करंट सुमारे ११ मिलीअँपिअर. बोर्डावरचा एमसीबी ३२ अँपिअरचा. त्याच्या लेखी ११ मिलीअँपिअर म्हणजे काहीच नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. हे वाक्य मी दर बॅचला सांगतो आणि तरी दर घरात लोक एमसीबीकडे बोट दाखवून निश्चिंत असतात.

मग एक शिक्षक म्हणाले, "म्हणजे आरसीसीबी हवा होता." हवा होताच. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमध्ये फरक पडला, म्हणजे कुठेतरी गळती झाली, की तो सप्लाय तोडतो. पण थांबा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलीअँपिअरच्या दरम्यान पडतो. ११ वर तो पडलाच असता असं नाही. म्हणजे अर्थिंग तुटलेली ठेवून नुसता आरसीसीबी बसवला असता तरी ही मुलगी ड्रिलला चिकटली असती. हृदयाची लय बिघडवणाऱ्या करंटपासून तो वाचवतो, हात चिकटवणाऱ्या करंटपासून वाचवेलच याची हमी नाही.

आता उलट बाजू. अर्थिंग चांगली, समजा ५ ओहम, आणि आरसीसीबी नाही. आजच्या ओलसर ग्राइंडरला ती पुरली असती. बॉडीवर एक दशांश व्होल्टही उरला नसता. पण उद्या वाइंडिंग पूर्ण जळून बॉडीला चिकटलं, तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थिंगचा रोध धरला तर आणखी कमी. ३२ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. ४६ वर तो तासभरही तग धरू शकतो आणि तेवढा वेळ यंत्राची बॉडी दाबावर राहते.

एकाचं काम दुसरा करत नाही. अर्थिंग थोडा झिरपणारा करंट गुपचूप वाहून नेते, मोठा दोष आला की आरसीसीबी सप्लाय तोडतो. दोन्ही लागतात, आणि दोन्ही स्वतंत्रपणे तपासावी लागतात. आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थिंगही ठीक, असं पुष्कळांना वाटतं. ते बटण आतल्या आत एक रोध जोडतं. अर्थिंग तुटलेली असली तरी आरसीसीबी तितक्याच इमानदारीनं पडतो.

शाळेनं काय केलं

संस्थेच्या बैठकीत पहिला ठराव आला तो शेडला कुलूप लावायचा. प्रात्यक्षिकं बंद, परीक्षेपुरती वही. मला हे पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. ही मुलं घरी जाऊन शेतातली मोटार चालू करतात, स्टार्टरची पेटी उघडतात, सॉकेटात काडेपेटीच्या काड्या खोचून उघड्या वायरी अडकवतात. शेडला कुलूप लावून ती सुरक्षित होत नाहीत, फक्त शाळा सुरक्षित होते.

दुसरी चर्चा, कळवायचं की नाही. इजा नाही, मग कशाला? विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ नुसार विजेच्या अपघाताची खबर विद्युत निरीक्षकांना द्यायची असते, आणि तिथे मृत्यूबरोबर इजेचाही उल्लेख आहे. मुलगी रात्रभर रुग्णालयात होती. शाळेनं पत्र दिलं. त्यामुळे आभाळ कोसळलं नाही. निरीक्षण विभागाचे लोक आले, पाहणी झाली, दुरुस्तीची यादी मिळाली, आणि त्या यादीमुळे संस्थेकडून पैसे मंजूर करून घेणं उलट सोपं गेलं.

कामात सगळ्यात जास्त वेळ अर्थिंगनं खाल्ला. अडीच मीटर पाइप पुरायचा तर खाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड. पहिल्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरूनही अर्थ टेस्टरवर मनासारखा आकडा येईना. शेवटी हात धुण्याच्या मोरीचं पाणी जिथे मुरतं तिथे दुसरा खड्डा घेतला आणि दोन्ही तांब्याच्या पट्टीनं जोडले. शेडच्या बोर्डावर फोर पोल (तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आला. मेन व्हरांड्यात राहिला, पण दाराच्या आत छातीच्या उंचीवर लाल बटण बसवलं. ते कोणीही, कधीही, न विचारता दाबायचं. त्याच्यामागे काँटॅक्टर (सप्लाय गेला की आपोआप सुटणारा स्विच) आहे, त्यामुळे लाइट जाऊन परत आली तर यंत्रं आपोआप सुरू होत नाहीत. लोडशेडिंगच्या गावात हा फायदा लहान नाही. ड्रिलखाली मुलगा वाकलेला असताना लाइट आली तर काय होतं, ते सांगायला नको.

ग्राइंडरची मोटार सुकवून पाहिली, इन्सुलेशन सुधारलं, तरी मी ती भंगारात काढायला लावली. पत्र्याचं भोक बुजवलं. चपला काढायचा नियम उलटा केला. आता शेडमध्ये कोरड्या रबरी तळव्याच्या पादत्राणाशिवाय प्रवेश नाही, आणि दारात जुने जोड ठेवलेत, कारण प्रत्येकाकडे बूट असतील असं गृहीत धरता येत नाही. यंत्रांसमोर रबरी मॅट आहे, पण मॅटवर भिस्त ठेवू नका, असं मी दोनदा बजावलं. ती सरकते, फाटते, तिच्यावर पाणी साचतं.

मला आवडलेला बदल निदेशकांनी स्वतः सुचवला. महिन्याच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मुलंच मेन बंद करतात, तो बंद असल्याची निदेशक खात्री करतात, आणि मग दोन-दोन मुलं मल्टिमीटर घेऊन प्रत्येक यंत्राच्या उघड्या लोखंडापासून अर्थच्या पट्टीपर्यंत सलगता मोजतात, म्हणजे वायर मध्ये कुठे तुटलेली नाही ना ते बघतात. आकडा वहीत, शेजारी नाव. अर्थिंगची आकृती या मुलांना आधीही पाठ होती, परीक्षेत ती पाच गुणांना येते. ती वायर कुठे जाते हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं. खड्ड्याचं मोजमाप वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये करायचं ठरलं, जमीन सगळ्यात कोरडी असते तेव्हा.

सुटकेचा क्रमही बदलून शिकवला. आधी लाल बटण. ते लांब असेल तर प्लग उपसायचा, नुसतं सॉकेटचं बटण नाही. तेही जमत नसेल तर कोरड्या लाकडानं ढकलायचं. माणूस सुटल्यावर श्वास आणि प्रतिसाद बघायचा, १०८ ला फोन करायचा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा. ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेनं येऊन हे उशीवर करून घेतलं.

संगणक कक्ष

एक धागा राहिला होता. ग्राइंडरचा प्लग काढल्यावर आकडा घसरला होता, पण शून्यावर आला नव्हता. तो ११५ व्होल्टच्या आसपास अडला होता. शेडमधले सगळे प्लग काढले तरी तिथेच.

शेजारच्या संगणक कक्षाची अर्थिंगही त्याच जीआय तारेला, त्याच हातभर नळाला बांधलेली होती. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या पॉवर सप्लायमध्ये) फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून जाणारा अगदी थोडा करंट जमिनीत जातो. अर्थिंग तुटली की पेटीवर सप्लायच्या निम्मा दाब येऊन बसतो. एका संगणकाचा करंट अर्ध्या मिलीअँपिअरच्या घरातला, म्हणजे नुसती चुणचुण. पण एका तारेवर दहा संगणक असले की बेरीज होते. वर फळ्यावर मांडलेल्या ११ मिलीअँपिअरमध्ये ही भर धरलेली नाही.

संगणकाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, मुलं म्हणतात मागच्या बाजूला हात लावला की झिणझिण्या येतात. आम्ही लाकडी पाट ठेवलेत पायाखाली." पाट खरंच होते, ओळीनं, प्रत्येक खुर्चीपुढे एक. कक्षाची हिरवी वायर त्याच दिवशी नव्या पट्टीला आणून जोडली आणि तिथे दुसरा आरसीसीबी बसवायची मागणी मुख्याध्यापकांकडे लिहून दिली.